एकाच सर्व्हरवर प्रत्येकाला वेगळा डेस्कटॉप: रिमोट डेस्कटॉपची मांडणी

ऑफिसात सर्व्हर एक आणि त्यावर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपापल्या पीसीवरून सर्व्हरचा डेस्कटॉप उघडून, काम करणारे बारा जण. अकाउंट्सचे चौघं दिवसभर टॅलीत असतात, त्यांना दुसरं काही दिसायची गरज नाही. विक्रीच्या पाच जणांना टॅलीबरोबर एक्सेल आणि ब्राउझर लागतो. मालक आणि मॅनेजर यांना पूर्ण डेस्कटॉप हवा. बारावे सीए, त्यांचं ऑफिस दुसरीकडे. ते तिथून लॉगिन करतात. त्यांनी खाती बघावीत, पण डेटाचं फोल्डर उचलून नेता येऊ नये. व्यापारी पेढीत, पतसंस्थेत, छोट्या कारखान्यात मागणी साधारण हीच असते, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एकच उघडा डेस्कटॉप देऊन वेळ मारून नेलेली असते.

प्रत्येकाला वेगळं रूप देण्याची सोय विंडोज सर्व्हरमध्येच आहे. घोळ होतो तो सेटिंग चुकीच्या जागी केल्यामुळे. जागा चार आहेत: मशीन (म्हणजे सर्व्हर), युजर, गेटवे (बाहेरून येणाऱ्यांचं प्रवेशद्वार) आणि समोरच्या पीसीवरची आरडीपी फाइल (सर्व्हरला कसं जोडायचं ते लिहिलेली). मशीनवर केलेलं सगळ्यांना सारखं लागतं. युजरवर केलेलं ग्रुपप्रमाणे बदलता येतं. गेटवेवर केलेलं फक्त बाहेरून येणाऱ्यांना लागतं. आरडीपी फाइलमधलं समोरचा माणूस नोटपॅडमध्ये उघडून बदलू शकतो, म्हणून ती सोय समजायची, बंदोबस्त नाही. पुढे प्रत्येक सेटिंगशी ती यातली कुठली जागा, हे सांगितलं आहे.

सगळं विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्ड धरून आहे; २०१९ वरही मेनू जवळपास तेच. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

आधी पाया

रिमोट डेस्कटॉपचा रोल (सर्व्हरला ते काम देणारा विंडोजचा भाग) न बसवलेल्या विंडोज सर्व्हरवर रिमोटने एकावेळी दोनच सेशन, म्हणजे दोघांचीच लॉगिनं, चालतात, आणि तीही देखभालीपुरती. विंडोज १० किंवा ११ प्रो वर तर एकच. सिस्टीमची डीएलएल फाइल बदलून साध्या विंडोजवर दहा जण बसवून देणारे 'जाणकार' गल्लोगल्ली भेटतात. ते लायसन्समध्ये बसत नाही, आणि पुढच्या विंडोज अपडेटला ती फाइल बदलली की सकाळी दहा वाजता सगळं ऑफिस बाहेर. त्या वाटेला जाऊ नका.

स्टँडर्डच्या लायसन्समध्ये मशीनचे सगळे कोअर मोजलेले असतील (किमान १६ धरावे लागतात), तर दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने केलेली वेगळी मशीन) चालवता येतात. अट अशी की खालच्या यजमान विंडोजवर हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची सोय) सांभाळण्यापलीकडे दुसरं काम ठेवायचं नाही. पहिल्या मशीनवर डोमेन कंट्रोलर (ऑफिसच्या सगळ्या मशीनची आणि युजरची खाती, म्हणजे डोमेन, सांभाळणारा) आणि आरडी लायसन्सिंग (रिमोट डेस्कटॉपची लायसन्सं सांभाळणारं) ठेवा. त्याला ४ जीबी रॅम आणि ८० जीबी डिस्क पुरते. दुसरं मशीन सेशन होस्ट, म्हणजे लोक प्रत्यक्ष बसतात ते. दोन्ही एकाच मशीनवर कोंबू नका. डोमेन कंट्रोलरवर साध्या युजरला रिमोट लॉगिन द्यायचं म्हणजे तिजोरीच्या खोलीतच पेढी मांडायची.

सेशन होस्टची रॅम ठरवताना विंडोजला ४ जीबी आणि माणशी २ जीबी धरा. बारा जणांचे २८ होतात, ३२ द्या. यजमानाचे ४ आणि डोमेन कंट्रोलरचे ४ मिळवले की ४०. म्हणजे मशीन ४८ किंवा ६४ जीबीचं घ्या. टॅली फार रॅम खात नाही, ब्राउझर खातो. बारा जणांना ब्राउझर उघडा ठेवायची सवय असेल तर माणशी ३ जीबी धरा. डिस्क एसएसडीच हवी. सकाळी सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा साधी हार्ड डिस्क गुडघे टेकते, आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

लायसन्सं दोन लागतात: विंडोज सर्व्हरचं कॅल (सर्व्हर वापरायचं, माणसामागे किंवा पीसीमागे घ्यायचं लायसन्स) आणि त्यावर आरडीएस, म्हणजे रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचं, कॅल. एक घेतलं म्हणजे दुसरं त्यात येत नाही. डोमेन असेल तर पर युजर (माणसामागे) कॅल घ्या. कॅलची आवृत्ती सर्व्हरइतकी किंवा त्याहून नवी हवी. २०१९ चं कॅल २०२२ च्या सेशन होस्टला चालत नाही. टॅलीही एकावेळी अनेकांनी उघडायची तर मल्टि-युजर, म्हणजे गोल्ड लागते.

रोल बसवणं, आणि १२० दिवसांची फट

सेशन होस्टला डोमेनमध्ये घ्या आणि डोमेनच्या ॲडमिन खात्याने लॉगिन करा. सर्व्हर मॅनेजर → ॲड रोल्स अँड फीचर्स → रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस इन्स्टॉलेशन → क्विक स्टार्ट → सेशन-बेस्ड डेस्कटॉप डिप्लॉयमेंट. यात ब्रोकर (येणाऱ्याला त्याच्या सेशनशी जोडून देणारा), वेब ॲक्सेस (ब्राउझरमधून जोडायचं पान) आणि सेशन होस्ट एकाच मशीनवर बसतात आणि एक कलेक्शन (सेशन होस्ट आणि तो कुणाला काय दाखवतो याची एकत्र मांडणी) आपोआप तयार होतं. त्या कलेक्शनमध्ये कॅल्क्युलेटर, पेंट आणि वर्डपॅड रिमोटॲप (पूर्ण डेस्कटॉपऐवजी एकट्याने उघडणारा प्रोग्रॅम) म्हणून आधीच टाकलेले असतात. ते आधी अनपब्लिश करा.

मग डोमेन कंट्रोलरवर आरडी लायसन्सिंगचा रोल टाकून तो ॲक्टिव्हेट करा आणि कॅल चढवा. इथे बरेच जण थांबतात, आणि बरोबर १२० दिवसांनी फोन येतो: कुणालाच आत जाता येत नाही, लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही असा निरोप दिसतो. कॅल चढवलेली असतात, पण सेशन होस्टला तो लायसन्स सर्व्हर कुठे आहे आणि कॅल कुठल्या प्रकारची हे कुणी सांगितलेलंच नसतं. ते मशीनच्या ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधल्या मशीनना आणि युजरना एका जागेवरून सेटिंग लावायची सोय) सांगा: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन → ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स → विंडोज कंपोनंट्स → रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस → रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट → लायसन्सिंग. तिथल्या दोन नोंदी भरा: लायसन्स सर्व्हरचं नाव, आणि लायसन्सिंग मोड पर युजर. भरल्यावर आरडी लायसन्सिंग डायग्नोझर उघडून लाल खूण उरली नाही ना ते बघा. मुदत संपून अडकलातच, तर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन 'स्लॅश ॲडमिन' जोडून चालवा. देखभालीचं सेशन त्या अडचणीतही उघडतं.

टॅलीसारखे प्रोग्रॅम सेशन होस्टचा रोल बसवल्यानंतरच टाका. ते कंट्रोल पॅनलमधल्या 'इन्स्टॉल ॲप्लिकेशन ऑन रिमोट डेस्कटॉप सर्व्हर' मधून टाका, म्हणजे विंडोज इन्स्टॉल मोडमध्ये जातं आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी एकट्या ॲडमिनच्या नावावर न राहता प्रत्येक युजरपर्यंत पोचतात. नुसती सेटअप फाइल डबल क्लिक केली की 'माझ्याकडे चालतं, बाकीच्यांकडे चालत नाही' ही तक्रार येते. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं ऑफिस टाकणार असाल तर शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन असलेला प्लॅन घ्या. बिझनेस प्रीमियममध्ये ते आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही.

ग्रुप, आणि लूपबॅक नावाची गाठ

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या यादीत, चार ग्रुप करा: टॅलीवाले, विक्री, पूर्ण डेस्कटॉप आणि बाहेरचे. ग्रुपची आणि युजरची नावं रोमन अक्षरात, मधे मोकळी जागा न सोडता ठेवा. चारही ग्रुप कलेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये युजर ग्रुप्समध्ये टाका. हे राहिलं तर पासवर्ड बरोबर असूनही 'रिमोट डेस्कटॉपमधून साइन इन करायचा हक्क नाही' असं सांगून दार बंद होतं.

आता सेशन होस्टच्या कॉम्प्युटर खात्यासाठी वेगळं ओयू (डिरेक्टरीतला खात्यांचा कप्पा) करा आणि ते खातं त्यात हलवा. सगळ्या पॉलिसी त्या ओयूवर लावायच्या. पण युजर पॉलिसी तर युजरच्या ओयूवरून येते, मग मशीनच्या ओयूवर लावून काय उपयोग? त्यासाठीच लूपबॅक: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन → ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स → सिस्टीम → ग्रुप पॉलिसी → कॉन्फिगर युजर ग्रुप पॉलिसी लूपबॅक प्रोसेसिंग मोड. मर्ज निवडलं तर युजरच्या नेहमीच्या पॉलिसी लागतात आणि वरून सर्व्हरच्या. रिप्लेस निवडलं तर फक्त सर्व्हरच्या. आमचं मत रिप्लेसच्या बाजूने आहे, कारण सर्व्हरवर काय लागतंय ते एका ओयूकडे बघून कळतं. लूपबॅकमुळे विक्रीचा माणूस स्वतःच्या टेबलावरच्या पीसीवर मोकळा राहतो आणि सर्व्हरवर गेला की बांधलेला.

जीपीओ, म्हणजे पॉलिसींचे गठ्ठे, पाच ठेवा: एक मशीनचा (लायसन्सिंग, लूपबॅक, आणि कुणी कुठला प्रोग्रॅम चालवावा हे ठरवणारा ॲपलॉकर) आणि चार ग्रुपांचे चार. ग्रुपच्या जीपीओत सिक्युरिटी फिल्टरिंगमधून ऑथेंटिकेटेड युजर्स काढून तो ग्रुप टाका. इथे २०१६ सालची एक अडचण अजून लोकांना छळते. त्या वर्षी जूनमध्ये आलेल्या एमएस१६-०७२ या अपडेटपासून युजरची पॉलिसीसुद्धा मशीनच्या ओळखीने वाचली जाते. ऑथेंटिकेटेड युजर्स काढले की मशीनचा वाचायचा हक्क जातो आणि पॉलिसी निमूटपणे लागायची थांबते. पडद्यावर एरर काही येत नाही. उपाय सोपा: डेलिगेशन टॅबमध्ये डोमेन कॉम्प्युटर्सना फक्त रीड द्या, अप्लाय नको.

स्वतःचं ॲडमिन खातं या चारपैकी कुठल्याही ग्रुपमध्ये टाकू नका. सी ड्राइव्ह बंद करणारी पॉलिसी स्वतःलाच लागली की ती काढायला दुसरं खातं शोधत बसावं लागतं.

फक्त टॅली

दोन मार्ग आहेत, आणि कुठला घ्यायचा हे समोरच्या मशीनवर ठरतं.

समोर जुना पीसी किंवा थिन क्लायंट (फक्त सर्व्हरला जोडण्यापुरतं छोटं यंत्र) असेल, आणि त्यावर दुसरं काही चालवायचंच नसेल, तर लॉगिन केल्याबरोबर टॅलीच उघडावी. टॅलीवाल्यांच्या जीपीओत युजर कॉन्फिगरेशन → ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स → विंडोज कंपोनंट्स → रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस → रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट → रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट → स्टार्ट अ प्रोग्रॅम ऑन कनेक्शन. टॅलीच्या फाइलचा पूर्ण पत्ता भरा आणि खालच्या वर्किंग डिरेक्टरीत टॅलीचं फोल्डर. ते रिकामं सोडलं तर काही प्रोग्रॅम आपली सेटिंग फाइल भलतीकडे शोधतात. आता स्टार्ट मेनू नाही, टास्कबार नाही. टॅली बंद केली की सेशन लॉग ऑफ. पत्त्यात एक अक्षर चुकलं तर कनेक्शनच एरर देऊन तुटतं, म्हणून पत्ता हाताने न टाइप करता शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमधून उचला.

हीच नोंद कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्येही आहे, आणि दोन्हीकडे भरली तर कॉम्प्युटरची जिंकते. चुकून तिथे भरलीत तर मालकासकट सगळ्यांना टॅलीच दिसेल, तुम्हालाही. अशा वेळी हायपर-व्हीच्या कन्सोलमधून, एन्हान्स्ड सेशन बंद करून, आत जा. उलट त्याच जागी 'ऑलवेज शो डेस्कटॉप ऑन कनेक्शन' कुणी चालू करून ठेवलं असेल, तर स्टार्ट अ प्रोग्रॅम भरूनही पूर्ण डेस्कटॉप येत राहतो.

समोर चांगला पीसी असेल आणि माणूस त्यावर इतरही कामं करत असेल, तर रिमोटॲप द्या. सर्व्हर मॅनेजर → रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस → कलेक्शन → रिमोटॲप प्रोग्रॅम्स → पब्लिश. मग त्या प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये युजर असाइनमेंटमध्ये 'ओन्ली स्पेसिफाइड युजर्स अँड ग्रुप्स' निवडून ग्रुप टाका. टॅलीची खिडकी त्याच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर, इतर खिडक्यांच्या रांगेत उघडते. एका ग्रुपला हे दोन्ही मार्ग एकदम लावू नका, एकच धरा.

रिमोटॲपच्या दोन खोडी माहीत असू द्या. कलेक्शनमध्ये एक जरी रिमोटॲप टाकला, तरी वेब ॲक्सेसच्या पानावरून पूर्ण डेस्कटॉपचं चिन्ह नाहीसं होतं. एक सेशन होस्ट एकाच कलेक्शनमध्ये राहू शकतो, त्यामुळे दुसरं कलेक्शन काढून सुटका नाही. मालक-मॅनेजरना थेट आरडीपी फाइल बनवून द्या. दुसरी खोड जास्त महत्त्वाची: रिमोटॲप हे कुलूप नाही. सर्व्हरचं नाव माहीत असलेला टॅलीवाला साधं रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडून पूर्ण डेस्कटॉपवर पोचू शकतो. आणि कुठल्याही प्रोग्रॅममधल्या फाइल उघडायच्या चौकटीतून अख्खी डिस्क फिरता येते. कुलूप लावायचं ते ॲपलॉकरने आणि फोल्डरच्या परवानग्यांनी.

ॲपलॉकर

हा मशीनच्या पॉलिसीत बसतो, पण त्याच्या प्रत्येक नियमात ग्रुपचं नाव घालता येतं, म्हणून तो इथे फार उपयोगी. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन → विंडोज सेटिंग्ज → सिक्युरिटी सेटिंग्ज → ॲप्लिकेशन कंट्रोल पॉलिसीज → ॲपलॉकर. एक्झिक्युटेबल रूल्सवर उजवी क्लिक करून आधी डिफॉल्ट रूल्स तयार करा. पॅकेज्ड ॲप रूल्सवरही तेच करा. हे दुसरं विसरलं तर पॅकेज्ड ॲप सरसकट अडतात, आणि सगळ्यांचं स्टार्ट बटण दाबल्यावर काहीच उघडत नाही. तुम्ही मात्र ग्राफिक्स ड्रायव्हर तपासत बसता.

मग टॅलीवाले आणि बाहेरचे या दोन ग्रुपांना ब्राउझर, पॉवरशेल (कमांड टाइप करून चालवायचं साधन) आणि त्याचा एडिटर आयएसई यांवर डिनाय द्या. डिनाय नेहमी अलाऊवर मात करतो. कमांड प्रॉम्प्ट ॲपलॉकरने अडवू नका. लॉगिनला चालणाऱ्या बॅच फाइल त्याच्यातूनच चालतात, त्याही अडतील. त्याऐवजी युजर पॉलिसीत 'प्रिव्हेंट ॲक्सेस टू द कमांड प्रॉम्प्ट' चालू करा आणि स्क्रिप्ट बंद करायच्या प्रश्नाला 'नो' ठेवा. डिफॉल्ट नियम विंडोजचं अख्खं फोल्डर मोकळं सोडतात, पण त्यातल्या टेम्प आणि टास्क्ससारख्या उपफोल्डरांत साध्या युजरलाही फाइल टाकता येते. ही फोल्डरं नियमाच्या एक्सेप्शन्समध्ये घाला.

ॲपलॉकर चालतो ॲप्लिकेशन आयडेंटिटी या सर्व्हिसवर. ती ग्रुप पॉलिसीतून ऑटोमॅटिक करा, नाहीतर नियम नुसते शोभेचे. पहिला आठवडा 'ऑडिट ओन्ली' वर ठेवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲपलॉकरच्या लॉगमध्ये ८००३ म्हणजे अडवलं असतं, ८००४ म्हणजे अडवलं. आठवडाभराच्या ८००३ वाचल्या की जीएसटीच्या कामाची कुठली युटिलिटी कोण कुठून चालवतं ते कळतं. त्यांना वाट करून द्या आणि मगच 'एन्फोर्स' करा.

विक्रीचा डेस्कटॉप

पूर्ण डेस्कटॉपमधून काढून टाकायच्या गोष्टी थोड्याच: युजर कॉन्फिगरेशनमध्ये कंट्रोल पॅनल आणि पीसी सेटिंग्ज बंद, फाइल एक्सप्लोररखाली सी ड्राइव्ह लपवणं आणि त्यावर जायला मनाई. लपवणं वेगळं आणि मनाई वेगळी. नुसतं लपवलं तर पत्त्याच्या पट्टीत टाइप करून जाता येतं. मनाई केली तरी ती एक्सप्लोररपुरती, प्रोग्रॅमना लागत नाही. शटडाउनची काळजी करू नका, सर्व्हरवर साध्या युजरला तो हक्क मुळात नसतोच. कुणी बटण दाबून सर्व्हर बंद केलाच, तर त्याला कुणीतरी 'तात्पुरतं' ॲडमिन केलेलं असतं, हे समजून जा.

डेस्कटॉपवरची चिन्हं ग्रुपप्रमाणे द्यायची तर पॉलिसीज सोडून प्रेफरन्सेसमध्ये या: युजर कॉन्फिगरेशन → प्रेफरन्सेस → विंडोज सेटिंग्ज → शॉर्टकट्स. प्रत्येक शॉर्टकटच्या कॉमन टॅबमध्ये आयटम-लेव्हल टार्गेटिंग असतं, तिथे सिक्युरिटी ग्रुप निवडा. नेटवर्क ड्राइव्ह आणि प्रिंटर हेही याच रीतीने देता येतात. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं फोल्डर रिडायरेक्शनने डी ड्राइव्हवर हलवा, म्हणजे बॅकअपला एकच जागा. युजर प्रोफाइल डिस्कच्या (प्रत्येकाची सेटिंग आणि फाइली वेगळ्या डिस्क-फाइलमध्ये ठेवण्याच्या) मागे लागू नका. सेशन होस्ट एकच असताना त्यातून फायदा काही नाही, आणि ती डिस्क-फाइल अडकून राहिली की माणूस तात्पुरत्या प्रोफाइलवर उतरतो आणि 'माझ्या फाइली गेल्या' म्हणून ओरडतो.

टॅलीच्या डेटाच्या फोल्डरला ग्रुपला मॉडिफाय द्या, फुल कंट्रोल नको. फुल कंट्रोल असलेला माणूस परवानग्याही बदलू शकतो.

सेशन किती वेळ जिवंत ठेवायचं

संध्याकाळी लोक लॉग ऑफ न करता खिडकीची फुली दाबून जातात. सेशन तुटतं, पण सर्व्हरवर चालूच राहतं, टॅलीतली कंपनीही उघडीच. रात्रीच्या बॅकअपला मग उघड्या फाइली आडव्या येतात.

मर्यादा सेशन टाइम लिमिट्समध्ये घालायच्या, आणि युजर कॉन्फिगरेशनमधल्या. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये घातल्या की त्या सगळ्यांना सारख्या लागतात आणि युजरच्या मर्यादांना खाऊन टाकतात. कलेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्येही सेशनच्या मर्यादा आहेत. पॉलिसी भरलेली असेल तर तिचं चालतं. सुरुवातीला असं ठेवून बघा:

टॅलीवाले आणि विक्री: एक तास हात लावला नाही तर डिस्कनेक्ट, डिस्कनेक्टनंतर दोन तासांनी सेशन संपवा.
बाहेरचे: ३० मिनिटांनी डिस्कनेक्ट, पुढे एका तासाने समाप्त.
पूर्ण डेस्कटॉप: हात न लावण्याची मर्यादा नाही, डिस्कनेक्टनंतर आठ तास.

डिस्कनेक्टनंतरची मुदत पाच-दहा मिनिटांवर आणू नका. वीज गेली, राउटर बसला, तर अर्धवट व्हाउचर भरणाऱ्याला परत येऊन ते सापडायला हवं. चालू सेशनला मर्यादा घालूच नका. काम करता करता माणूस बाहेर फेकला जातो.

बाहेरून येणारे सीए

३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडू नका. पोर्टचा नंबर बदलला तरी शोधणारे यंत्राने सगळे पोर्ट शोधतात. २०१९ च्या मेमध्ये ब्लूकीप नावाची जी खोट उघड झाली, तिच्यात जुन्या विंडोजवर लॉगिन न करताच आत शिरता येत होतं. व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची बंदिस्त वाट) लावा, किंवा आरडी गेटवे बसवून फक्त ४४३ हा पोर्ट उघडा. गेटवेला ओळखीच्या संस्थेचं सर्टिफिकेट घ्या. घरी बनवलेलं असेल तर प्रत्येक पीसीवर ते विश्वासू म्हणून बसवत फिरावं लागतं. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (सेशन उघडण्याआधीच पासवर्ड तपासणं) चालू ठेवा, आणि अकाउंट लॉकआउट दहा चुकीच्या प्रयत्नांवर १५ मिनिटं.

गेटवे इथे आणखी एका कारणासाठी हवा. ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड अडवायच्या नेहमीच्या पॉलिसी मशीनच्या आहेत. सीएंसाठी बंद केल्या की मालकासाठीही बंद. गेटवेच्या कनेक्शन ऑथरायझेशन पॉलिसीत मात्र डिव्हाइस रिडायरेक्शन हे पान ग्रुपप्रमाणे मिळतं. बाहेरच्यांच्या ग्रुपसाठी वेगळी पॉलिसी करा आणि त्यात ड्राइव्ह, क्लिपबोर्ड आणि प्रिंटर तिन्ही बंद करा. प्रिंटर का, तर त्यांच्या पीसीवरच्या पीडीएफ प्रिंटरवर छापलं की अहवाल बाहेर. त्याच पानावर 'गेटवेची बंधनं पाळणाऱ्याच सर्व्हरशी जोडणी' असा पर्याय आहे, तोही लावा. रिसोर्स ऑथरायझेशन पॉलिसीत फक्त सेशन होस्टचं नाव द्या, 'कुठलंही मशीन' नको.

ब्राउझर ॲपलॉकरने आधीच बंद केला आहे, त्यामुळे मेलने पाठवायची वाटही नाही. पडद्याचा फोटो मोबाइलने काढायला कुठलीही पॉलिसी आडवी येत नाही. तो भाग विश्वासाचा.

प्रिंटर, आणि मराठी टायपिंग

लेझर प्रिंटरला ईझी प्रिंट (सर्व्हरवर ड्रायव्हर न टाकता समोरच्या पीसीच्या प्रिंटरवर छापायची सोय) बरं चालतं. प्रिंटर रिडायरेक्शनमध्ये 'रिडायरेक्ट ओन्ली द डिफॉल्ट क्लायंट प्रिंटर' लावा, नाहीतर बारा जणांचे पाच-पाच प्रिंटर लॉगिनला जोडले जाताना लॉगिन रेंगाळतं. डॉट मॅट्रिक्सवर बिलं छापणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ईझी प्रिंट अक्षरांचं चित्र करून पाठवतं, आणि एका बिलाला प्रिंटर किरकिरत बसतो. त्यांच्या जीपीओत 'यूज रिमोट डेस्कटॉप ईझी प्रिंट प्रिंटर ड्रायव्हर फर्स्ट' डिसेबल करा आणि सर्व्हरवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाका. ड्रायव्हरचं नाव पीसीवर आणि सर्व्हरवर अक्षरनअक्षर सारखं हवं, तरच जोडी जुळते.

मराठीत नावं-पत्ते भरणाऱ्यांना दोन गोष्टी नडतात. पहिली कीबोर्डची. रिमोट सेशन समोरच्या पीसीचा कीबोर्ड स्वतःबरोबर घेऊन येतं आणि सर्व्हरवरचा इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड बाजूला पडतो. रजिस्ट्रीत एचकेएलएम → सिस्टीम → करंटकंट्रोलसेट → कंट्रोल → कीबोर्ड लेआउट इथे 'इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट' हे चारही शब्द सलग लिहून डीवर्ड नोंद करा आणि किंमत १ ठेवा. ही मशीनची सेटिंग, सगळ्यांना लागते. मराठी कीबोर्ड मात्र ज्याचा त्याने आपल्या सेशनमध्ये भाषांत जोडायचा. दुसरी गोष्ट फॉन्टची. सर्व्हर २०१९ पासून फॉन्ट एकट्या युजरपुरताही बसतो. ॲडमिनने नुसतं 'इन्स्टॉल' केलं की त्याला दिसतो, बाकीच्यांच्या एक्सेलमध्ये जुन्या फॉन्टमधला मजकूर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. उजवी क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' करा.

डोमेन नसेल तर

पाच-सहा जणांसाठी डोमेन नको असेल तरी काम होतं, पण हात बांधलेले राहतात. रोल-बेस्ड इन्स्टॉलेशनमधून फक्त सेशन होस्ट आणि लायसन्सिंग बसवा. ब्रोकर नाही, म्हणून सर्व्हर मॅनेजरमधून रिमोटॲपही नाही. कॅल पर डिव्हाइसच घ्या. वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेन नसताना, पर युजर मोड लावला तर २०१९ पासून सर्व्हर लायसन्सची तक्रार दाखवतो आणि ६० मिनिटांनी सेशन तोडतो.

युजरप्रमाणे पॉलिसी इथेही लावता येते. एमएमसी (विंडोजची व्यवस्थापनाची खिडकी) उघडा → ॲड स्नॅप-इन → ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर → ब्राउझ → युजर्स टॅब. तिथे नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स किंवा एकेक युजर निवडता येतो. स्वतः केलेला ग्रुप निवडता येत नाही. आधी मशीनची, मग नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्सची, शेवटी त्या युजरची अशा क्रमाने पॉलिसी लागते आणि शेवटची जिंकते. म्हणून सामाईक बंधनं नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्समध्ये ठेवा आणि मॅनेजरच्या नावावर तेवढी नोंद डिसेबल्ड करून सूट द्या. 'नॉट कॉन्फिगर्ड' ठेवून सूट मिळत नाही. प्रेफरन्सेस आणि फोल्डर रिडायरेक्शन इथे नाहीत. ॲपलॉकर आहे, आणि त्याला लोकल ग्रुप चालतात.

लागलं का ते बघणं

प्रत्येक ग्रुपसाठी एक चाचणी खातं करा आणि बदल आधी त्यावर बघा. सर्व्हरवर जीपीअपडेट ही कमांड 'फोर्स' सकट चालवा, खातं लॉग ऑफ करून पुन्हा लॉगिन करा. डिस्कनेक्ट करून परत जोडलं तर जुनंच सेशन समोर येतं आणि बदल लागला नाही असा भास होतो. तरी लागत नसेल तर जीपीरिझल्ट या कमांडने कुठली पॉलिसी लागली याचा एचटीएमएल अहवाल काढा. जीपीओ नाकारलेल्यांच्या यादीत असेल तर फिल्टरिंग बघा, यादीतच नसेल तर ओयू आणि लूपबॅक. लागलेल्यांत असून परिणाम दिसत नसेल, तर तीच नोंद कॉम्प्युटरच्या बाजूला कुणी भरली आहे का ते बघा.

टॅलीवाल्याच्या खात्याने शेवटी एवढं करून बघा: टॅलीत एक्स्पोर्टची चौकट उघडून डिस्कवर कुठे कुठे फिरता येतं, आणि कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबून टास्क मॅनेजरमधल्या 'रन न्यू टास्क' मधून ब्राउझर उघडतो का. उघडला, तर ॲप्लिकेशन आयडेंटिटी सर्व्हिस बंद पडलेली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.